शेजारचा कुत्रा सारखा भुंकतोय? आधी त्याचं पाण्याचं पातेलं बघा

माझ्या झोपायच्या खोलीची खिडकी शेजाऱ्यांच्या मागच्या अंगणात उघडते. तिथे मोती बांधलेला असायचा. रात्री दोनला सुरू झाला की तासभर थांबायचा नाही. मी खिडकीतून ओरडायचे, तो आणखी चेकाळायचा. म्हणून पहिलं सांगते, ओरडू नका. एकट्या पडलेल्या कुत्र्याला त्यातून एवढंच कळतं की भुंकलं की कुणीतरी लक्ष देतं.

त्याऐवजी वही घ्या. भुंकणं कधी सुरू झालं, किती मिनिटं चाललं, घरात कुणी होतं का, हे तारखेसकट लिहा. मी 12 दिवस लिहिलं. कुणी आलं-गेलं तेवढ्यापुरता भुंकणारा कुत्रा राखण करत असतो. घरचे बाहेर पडल्या पडल्या रडका, लांब सूर लावणारा बहुधा एकटेपणाला घाबरलेला असतो. आणि एकाच पट्टीत तासन्‌तास भुंकणारा कंटाळलेला तरी असतो, नाहीतर त्याचं काहीतरी अडलेलं असतं.

मोतीचं काय अडलंय ते दिवसाउजेडी दिसलं. साखळीने मातीत गोल चर पडला होता आणि पाण्याचं पातेलं त्या चराच्या वीतभर बाहेर लवंडलेलं. तो पंजा लांब करायचा, नखं पातेल्याच्या काठाला जेमतेम लागायची, पातेलं आणखी पुढे सरकायचं. मग भुंकायचा. त्या दिवशी माझा त्याच्यावरचा राग उतरला. कुत्र्याला रोज वजनाच्या किलोमागे साधारण 50 ते 60 मिलिलिटर पाणी लागतं, उन्हात त्याहून जास्त. आपल्यासारखं घामाने त्याचं अंग गार होत नाही, तो मुख्यतः धापा टाकून उष्णता बाहेर टाकतो.

तुम्हीही आपल्याच हद्दीतून बघा: बरगड्या लांबून मोजता येतात का, नखं वाकडी वाढलीत का, पट्ट्याखाली जखम आहे का, सावली आहे का.

मग बोलायला जा, पण रात्रीच्या तिरमिरीत नको आणि चारचौघांत तर नकोच. मी एवढंच म्हटलं, "दादा, मोतीचं पातेलं सारखं लवंडतं, दिवसभर तहानलेला असतो तो. माझ्याकडे जड भांडं आहे, देऊ का?" ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, कुत्रा वडिलांचा, वडील अंथरुणाला खिळलेत, आणि यांची ड्यूटी दोन पाळ्यांत. संध्याकाळी मी त्याला फिरवून आणते म्हटलं, त्यांनी लगेच हो म्हटलं.

बांधलेल्या कुत्र्याजवळ मात्र मालकाला सोबत घेऊनच जा. त्याला पळता येत नाही, म्हणून घाबरला की चावतो. अंग तिरकं ठेवा, डोळ्यात रोखून बघू नका, डोक्यावर हात नेऊ नका, त्याला आधी वास घेऊ द्या. न विचारता खायला घालू नका. चॉकलेट, कांदा, द्राक्षं तर विषच. आणि शॉक देणारा पट्टा कुणी सुचवला तर ऐकू नका. आवाज दबेल, तहान तशीच राहील.

दोनदा बोलूनही काहीच हललं नाही, तर वही, तारखेचे फोटो आणि आवाजासकटचा व्हिडिओ घेऊन स्थानिक प्रशासनाकडे किंवा प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार करा. कुत्रा उन्हात लाळ गाळत, झोकांड्या खात असेल, तर मात्र तक्रारीत वेळ घालवू नका. त्याला उष्माघात झालेला असू शकतो, तेव्हा तडक मालकाला आणि पशुवैद्यांना फोन करा.

मोती आता रात्री घरात असतो. दुपारी कधी भुंकलाच, तर मी खिडकीतून आधी भांडं बघते.