टेलव्हील विमान रनवेवर फिरू नये म्हणून

सिटाब्रिया या टेलव्हील, म्हणजे शेपटीखाली छोटं चाक असलेल्या, विमानात शिकवताना मी मागच्या सीटवर असतो. विद्यार्थ्याचे पाय दिसत नाहीत, पण दोघांची रडरची (शेपटीवरच्या, नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या उभ्या फळीची) पेडल जोडलेली असल्यामुळे माझ्या तळव्यांना सगळं कळतं. चाकं टेकताना पेडल निपचित पडलेली असतील, तर मी सावध होतो.

कारण साधं आहे. या विमानात वजनाचा मध्य पुढच्या दोन मुख्य चाकांच्या मागे असतो. नाक जरा डावीकडे वळलं, तरी मागचं वजन आधीच्याच दिशेने जाऊ पाहतं आणि शेपटीला आणखी बाहेर ढकलतं. रिव्हर्समध्ये ट्रेलर ढकलताना वाकडेपणा आपोआप वाढत जातो, तसंच. शेवटी विमान गर्रकन फिरतं, तोच ग्राउंड लूप. पुढे चाक असलेल्या विमानात वजन मुख्य चाकांच्या पुढे असतं, म्हणून ते स्वतःहून सरळ होतं. तिथली सवय घेऊन आलेला वैमानिक टेकल्यावर पाय सैल सोडतो.

माझ्या मते निम्मा निकाल टेकण्याआधीच लागलेला असतो. त्या क्षणी दोनच गोष्टी बघा: विमान बाजूला सरकत नाही ना, आणि नाक रनवेला समांतर आहे ना. क्रॉसविंडमध्ये (आडव्या वाऱ्यात) वाऱ्याकडचा पंख खाली घ्या आणि विरुद्ध बाजूच्या रडरने नाक सरळ धरा. वाऱ्याकडचं मुख्य चाक आधी टेकेल, टेकू द्या. पूर्ण रडर देऊनही नाक सरळ होत नसेल, तर इथे उतरायचं नाही. गो-अराउंड करा, म्हणजे न उतरता पुन्हा वर जा, आणि दुसरा रनवे शोधा.

थ्री-पॉइंट, म्हणजे तिन्ही चाकं एकदम टेकवत, उतरताना नाक समोरचं बरंच झाकून टाकतं. मग विद्यार्थी मान काढून एका बाजूने डोकावतात आणि त्याच बाजूला सरकतात. डोकं मधे ठेवा, नजर लांब टोकाकडे, आणि रनवेच्या दोन्ही कडा डोळ्यांच्या कोपऱ्यांत राहू द्या. नाक किती सरकलं ते असंच लवकर कळतं.

आता पाय. पेडलच्या वरच्या भागात ब्रेक असतील तर टाचा जमिनीवर टेकवा, नाहीतर रडरबरोबर ब्रेकही दाबला जाईल. (जुन्या पायपर कबमध्ये ब्रेक टाचांनी दाबायचे असतात, तिथे उलट काळजी घ्या.) रडर थोडं, झटकन द्या आणि लगेच सोडा. नाक परत यायला लागल्यावरही पाय दाबून धरलात, तर ते पलीकडे जाईल. मग तुम्ही त्याच्या मागे मागे धावत राहाल आणि प्रत्येक हेलकावा आधीपेक्षा मोठा होईल.

थ्री-पॉइंट टेकल्यावर स्टिक (हातातला नियंत्रणाचा दांडा) पूर्ण पोटाशी घ्या, म्हणजे टेलव्हील जमिनीला धरून राहील. एलेरॉन (पंखांवरच्या, विमान कलवणाऱ्या पट्ट्या) वाऱ्याकडे, म्हणजे स्टिक वाऱ्याच्या बाजूला, आणि वेग उतरेल तसं जास्त. खरी गंमत इथेच आहे: वेग कमी झाला की रडरची ताकद जाते, वारा मात्र तसाच असतो आणि नाक त्याच्याकडे वळवू पाहतो. नेमकं याच वेळी लोक फ्लॅप (उतरताना पंखांमागे खाली केलेल्या झडपा) किंवा रेडिओकडे हात नेतात. विमान थांबेपर्यंत काही करू नका. व्हील लँडिंगमध्ये (फक्त मुख्य चाकं आधी टेकवताना) टेकताच स्टिक किंचित पुढे, आणि शेपटी खाली आल्यावर स्टिक पोटाशी.

फिरायला लागलंच, तर पूर्ण विरुद्ध रडर आणि त्याच बाजूच्या ब्रेकचा छोटा झटका. थ्रॉटल (इंजिनची ताकद) वाढवल्यावर प्रोपेलरचा झोत रडरला जोर देतो, पण वेगही वाढवतो. शिवाय बहुतेक लहान इंजिनं नाक डावीकडे ओढतात, म्हणून डाव्या वळणात तो जपून द्या. वळण हाताबाहेर गेलं तर थ्रॉटल बंद, स्टिक मागे. दोन्ही ब्रेक जोरात दाबू नका, विमान नाकावर उलटेल. वेग दुप्पट असेल तर ऊर्जा चौपट असते, म्हणून विमान शक्य तितक्या कमी वेगात टेकलेलं बरं.

नंतर वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या पंखाचं टोक आणि चाकाचे जोड मेकॅनिककडून तपासून घ्या. टेलव्हीलच्या स्प्रिंगा आणि लॉकही बघायला सांगा: झिजलेलं लॉक लवकर सुटतं, मग चाक मोकळं फिरतं आणि पेडलचं ऐकत नाही. प्रोपेलर जमिनीला लागला असेल तर इंजिन उघडून तपासल्याशिवाय उडायचं नाही, वरून कितीही ठीक दिसलं तरी.