इंग्रजी अमलातील उमेदवार पोलिसाच्या नोकरीच्या अटी : खानदेशातील जुने कागद कसे शोधावेत आणि कसे वाचावेत

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील कितीतरी घरांत ‘पणजोबा इंग्रजांच्या वेळी पोलिसात होते’ एवढेच वाक्य शिल्लक राहिलेले असते, आणि त्याच्या जोडीला फार तर एखादा पितळी बक्कल किंवा पेन्शनचा जीर्ण कागद असतो. जातपडताळणीचे प्रकरण उभे राहिले किंवा घराण्याचा इतिहास लिहायला घेतला, की या वाक्यामागचे कागद हुडकण्याची वेळ येते. कागद मिळाला तरी त्यातील शेरे आजच्या नोकरीच्या हिशेबाने वाचले, तर अर्थाचा अनर्थ होतो. म्हणून आधी जिल्हा, हुद्दा आणि साल या तीन गोष्टी ठरवाव्यात आणि मगच उमेदवार पोलिसाच्या, म्हणजे भरती होऊन अजून कायम न झालेल्या शिपायाच्या, नोकरीच्या अटींकडे वळावे.

जिल्ह्यापासून सुरुवात करावी. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचे मुख्य ठाणे धुळ्याला होते. त्या वर्षी पूर्व खानदेश (जळगाव) आणि पश्चिम खानदेश (धुळे) असे दोन जिल्हे झाले. त्यामुळे १९०६ पूर्वी अमळनेर, चोपडा किंवा रावेर येथे भरती झालेल्या माणसाचा कागद जळगावात सापडेलच असे नाही. त्याचा माग धुळ्याकडेही जातो. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला, तेव्हा तळोदा, शहादा, नवापूर या भागांसाठीही धुळ्याचे दप्तर वगळून चालणार नाही. मालेगाव आणि बागलाण हे तालुके १८६९ मध्ये नाशिक जिल्हा होईपर्यंत खानदेशात होते, हेही ध्यानात असू द्यावे.

यानंतर पणजोबा नेमके कोणत्या ‘पोलिसात’ होते, याची शहानिशा करावी, कारण सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. गावचा पोलीस पाटील आणि त्याच्या हाताखालचा जागल्या हे गावपोलीस होते. त्यांचे काम वतनाने चाले आणि त्यांच्यासाठी १८६७ चा मुंबई ग्राम पोलीस कायदा वेगळा होता. त्यांची नोंद पोलीस दलाच्या दप्तरात धुंडाळण्यापेक्षा महसुलाच्या आणि वतनाच्या कागदांत पाहावी. दुसरा प्रकार भिल्ल पलटणीचा. १८२५ साली जेम्स आउट्रम याने उभी केलेली ही पलटण धरणगावला असे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती पोलिसांत मिसळली गेली. तिच्यातील शिपायाच्या सुरुवातीच्या अटी लष्करी वळणाच्या आहेत. जिल्हा पोलिसांतील पगारी शिपाई हा तिसरा प्रकार, आणि पुढील विवेचन प्रामुख्याने त्याच्याविषयी आहे.

कायद्याच्या बाबतीत एक इशारा आवश्यक आहे. ब्रिटिश हिंदुस्थानातील पोलिसांचा विषय निघाला की १८६१ च्या पोलीस कायद्याचा हवाला देण्याची सवय आपल्याकडे पडली आहे. परंतु मुंबई इलाख्याचे जिल्हा पोलिसांसाठीचे कायदे स्वतंत्र होते, आधी १८६७ चा आणि नंतर १८९० चा. खानदेशातील शिपायाच्या शीटवर, म्हणजे त्याच्या नोकरीच्या नोंदींच्या कागदावर, एखाद्या कलमाचा आकडा दिसला, तर तो १८६१ च्या कायद्यात शोधून अर्थ लावू नये. १८९० चा कायदा पुढे १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याने रद्द होईपर्यंत लागू होता. १९३५ च्या भारत सरकार कायद्यानेही खालच्या हुद्द्यांवरील पोलिसांच्या सेवाशर्ती त्या त्या पोलीस कायद्यानुसारच ठरतील, असे कलम २४३ मध्ये नमूद केले. अर्थात इतर सरकारी नोकरांचे नियम शिपायाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

आता हुद्दा. अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील १९०२-०३ च्या पोलीस आयोगाने बरेच काही बदलले. शिपायाला दरमहा किमान आठ रुपये पगार असावा, सब-इन्स्पेक्टरांची थेट भरती व्हावी आणि प्रांतोप्रांती प्रशिक्षण शाळा असाव्यात, अशा त्याच्या शिफारशी होत्या. आपल्या इलाख्यातील पोलीस प्रशिक्षण शाळा १९०६ साली पुण्याजवळ भांबुर्डे येथे सुरू झाली आणि १९०९ मध्ये नाशिकला गेली. आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच. म्हणून कागदावर ‘नाशिक’ आणि परीक्षेचा निकाल दिसला, तर माणूस फौजदारकीचा उमेदवार होता का, हे आधी तपासावे. साध्या शिपायाची कवायत सहसा जिल्ह्याच्या मुख्य ठाण्यावर, पोलीस लाइनीतच होत असे. गोरे साहेब लोक आणखी वेगळ्या वाटेने येत. त्यांच्यासाठी १८९३ पासून लंडनला स्पर्धा परीक्षा होती आणि त्यांच्या अटींचा शिपायाच्या अटींशी काडीचाही संबंध नव्हता.

उमेदवाराच्या अटी प्रत्यक्ष वाचताना सनदेपासून सुरुवात करणे बरे. भरती झालेल्या माणसाला नेमणुकीची सनद मिळे, आणि तिच्यामुळेच त्याला पोलिसाचे अधिकार प्राप्त होत. घरात ही सनद सापडत नाही म्हणून पुष्कळ लोक हिरमुसतात. पण नोकरी सुटताच सनद आणि सरकारी सामान परत करणे हा पोलीस कायद्यांचा पक्का दंडक होता. १८६१ चा कायदा इथे लागू नसला, तरी त्यातही तो आहे आणि १९५१ च्या कायद्यातही आहे. तेव्हा सनद घरात नसणे स्वाभाविकच मानावे. ती घरात असली, तरच ती का राहिली याची चौकशी करावी.

नोकरी सोडण्याची मुभाही मोकळी नव्हती. वरिष्ठांच्या परवानगीवाचून पोलिसाने कामावरून दूर होऊ नये, ही अट या दोन्ही कायद्यांत आढळते. त्यामुळे सुगीच्या दिवसांत घरी गेला आणि परतलाच नाही, अशा पोराच्या नावापुढे ‘राजीनामा’ हा शब्द सहसा सापडणार नाही. ‘गैरहजर’ किंवा ‘बडतर्फ’ असे काहीतरी असेल, आणि त्यावरून त्याने गुन्हा केला असावा असा तर्क करणे अन्यायाचे ठरेल. ‘कमी केले’ हा शेरा याहून सौम्य आहे. उमेदवारीच्या काळात कवायतीत, लिहिण्या-वाचण्यात किंवा प्रकृतीने माणूस उतरला नाही, तर त्याला कमी करीत.

दंडाच्या ओळी मात्र सावकाश वाचाव्यात. समजा, शीटवर अशी ओळ आहे : ‘रात्री ट्रेझरी गार्डवर झोपलेला आढळला, दंड रु. १–८–०.’ तीन आकडे अनुक्रमे रुपये, आणे आणि पै यांचे आहेत. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा. म्हणजे हा दंड दीड रुपयाचा झाला. पगार आठ रुपये धरला, तर साडेपाच दिवसांची कमाई एका डुलकीत गेली. १८६१ आणि १९५१ च्या दोन्ही कायद्यांत दंडाची कमाल मर्यादा एका महिन्याच्या पगाराइतकी आहे, त्यामुळे त्याहून मोठा आकडा वाचला गेला तर आपले वाचन पुन्हा तपासावे. पुष्कळदा आण्यांचा आकडा रुपयांच्या रकान्यात गेलेला असतो. दंडाबरोबर जादा कवायत किंवा जादा पहारा अशीही शिक्षा असे. एका माणसाच्या शीटवर असे दोन-चार शेरे असणे काही विशेष नाही, आणि घराण्याच्या अब्रूचा प्रश्न करून ते लपवण्याचे तर कारणच नाही.

मोडी येत नसेल, तर घाईने अंदाज बांधू नये. मराठी मजकूर जुन्या कागदांवर मोडीत असतो, त्यात एक वेलांटी चुकली तरी गावाचे नाव बदलते. जाणकार वाचकाकडून लिप्यंतर करून घ्यावे. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाच्या परिसरात मोडीची जाण असलेली माणसे भेटण्याचा संभव अधिक.

कागद मागण्यासाठी पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करावा. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क दहा रुपये असून अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. पूर्ण नाव, गाव, भरतीचे आणि सुटण्याचे अंदाजे साल, माहीत असल्यास बक्कल नंबर एवढे लिहून शीट, सेवापुस्तक आणि पेन्शनचे कागद मागावेत. वीस वर्षांहून जुन्या माहितीच्या बाबतीत नकाराची बहुतेक कारणे कलम ८(३) नुसार लागू राहत नाहीत, हे अर्जातच नमूद केलेले बरे. ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असे उत्तर आले, तर तेवढ्यावर थांबू नये. तो नष्ट केला असल्यास नष्ट केलेल्या अभिलेखांच्या नोंदवहीतील संबंधित पानाची प्रत स्वतंत्र अर्जाने मागावी, आणि उत्तर तीस दिवसांत न आल्यास पहिले अपील करावे. वरच्या हुद्द्यांच्या नेमणुका मुंबई सरकारच्या गॅझेटात छापल्या जात, म्हणून अधिकाऱ्यांच्या बाबतीत मुंबईच्या पुराभिलेखागारात जाणे अधिक फलदायी ठरते.

जातपडताळणीसाठी कागद हवा असेल, तर जातीच्या रकान्याची आणि नोंदीच्या तारखेची साक्षांकित प्रत घ्यावी. नुसते पहिले पान पुरत नाही. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचे पुरावे महत्त्वाचे मानले जातात, आणि इंग्रजी अमलातील शीट या सर्वांच्या आधीची असते. मात्र तिच्यावरील व्यक्ती आणि अर्जदार यांचे नाते वंशावळीने व त्या वंशावळीला आधार देणाऱ्या जन्म-मृत्यू किंवा शाळेच्या दाखल्यांनी जोडून दाखवावे लागते. एकाच गावात एकाच नावाचे दोन शिपाई असणे खानदेशात दुर्मीळ नाही, तेव्हा वडिलांचे नाव जुळल्याशिवाय तो कागद समितीपुढे ठेवू नये.