स्केचअपमध्ये डॉर्मर: जोड मोजू नका, छेद घ्या

पाचगणीच्या एका बंगल्याचं छप्पर स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेखाटताना डॉर्मर (उतरत्या छपरातून बाहेर आलेली, स्वतःचं छोटं छप्पर असलेली खिडकी) मुख्य पाख्याला नेमका कुठे टेकतो, हे मोजण्यात माझी अख्खी दुपार गेली. मोजायची गरजच नव्हती; दोन्हींचा छेद घेतला की जोडाची रेघ आपोआप उमटते.

१. छप्पर आणि डॉर्मर यांचे वेगवेगळे ग्रुप (एकत्र बांधलेले, एकमेकांना न चिकटणारे भाग) करा.

२. डॉर्मरचा पुढचा त्रिकोणी माथ्याचा चेहरा उभा काढा आणि पुश-पुलने (सपाट पृष्ठ ओढून-ढकलून जाडी देणारं टूल) मागे ढकला, पार पाख्याच्या आत घुसेपर्यंत. जास्त घुसला तरी चालेल.

३. छपराच्या ग्रुपवर डबल क्लिक करून आत जा, पाखं निवडा, राइट क्लिक करून 'इंटरसेक्ट फेसेस – विथ मॉडेल' घ्या. छेदाची रेघ ज्या ग्रुपमध्ये आपण असतो त्यातच उमटते, म्हणून आत जाणं महत्त्वाचं. डॉर्मरखालचा तुकडा डिलीट करा.

४. डॉर्मरच्या ग्रुपमध्येही हेच करून छपराखाली गेलेला भाग डिलीट करा.

डॉर्मरचं आढं मुख्य आढ्याच्या खालीच ठेवा, नाहीतर ते पलीकडच्या पाख्यातून बाहेर येतं. आणि दोन पाखी मिळतात तिथे पत्र्याची पन्हळ आत्ताच रेखाटून ठेवा; महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसात गळती पहिल्यांदा तिथूनच सुरू होते.