होयाला फुलं का येत नव्हती

गॅलरीतल्या टांगत्या कुंडीत होया, म्हणजे मेणासारख्या चांदणीफुलांचा वेल, तीन वर्षं नुसता लोंबत होता. पानं तुकतुकीत, फूल म्हणून नाही. खतं घालून झाली. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अगं, आधी ती कात्री लपव!" वाळल्यासारखे दिसणारे बिनपानांचे आखूड देठ मी दरवर्षी हौसेने छाटायचे, आणि होयाची फुलं त्याच जुन्या देठांवर पुन्हापुन्हा येतात! छाटणी बंद केली. कुंडी सावलीतून काढून पूर्वेच्या खिडकीत टांगली. वरची दोन बोटं माती सुकली की मगच पाणी. मोठी कुंडी आणली होती, ती तशीच पडून आहे, कारण याला मुळं थोडी दाटलेलीच बरी. पुढच्या एप्रिलात मेणाच्या चांदण्यांचा पहिला घोस आला. रात्री वास इतका, की नवरा विचारतो, अत्तर कुठलं?