सोलापूरचा उन्हाळा : स्वयंपाकघरात आणि गाडीत या चुका टाळा

एप्रिल लागला की सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो आणि मे महिन्यात 43-44 अंशांपर्यंत जातो. आपल्याला त्याचं नवल वाटत नाही, आणि धोका तिथूनच सुरू होतो. सवयीनं आपण झळा अडवायला खिडक्या लावून घेतो, गाडीच्या काचा चढवतो, कुणीतरी सांगितलं म्हणून टायरमधली हवा कमी करतो. उन्हाळ्यातले बरेच अपघात अशा कोंडलेल्या उष्णतेतून आणि वायूतून होतात, आणि ते टाळता येतात.

कूलर गॅसकडे तोंड करून ठेवणं

भर दुपारी खिडक्या बंद, दाराला पडदा, कूलर थेट ओट्याकडे आणि मंद आचेवर डाळ. कूलरच्या झोतानं बारीक केलेला बर्नर विझतो. त्याच्या घरघरीत गॅसची फुसफूस ऐकू येत नाही, आणि वास यायलाही वेळ लागतो. सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर न जाता ओट्याखाली, फरशीवर पसरत राहतो. त्यामुळे वरचा झरोका उघडा असून भागत नाही, जमिनीपर्यंत उघडणारं दार उघडं हवं. शेगडी पेटलेली असेपर्यंत कूलर दुसरीकडे वळवा. स्वयंपाक शक्यतो सकाळी नऊच्या आत उरका. शहराच्या पूर्व भागातल्या पत्र्याच्या घरांत तर दुपारी शेगडीसमोर भाकरी थापत बसणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

गॅसचा वास आलाच, तर दिवा, पंखा, कूलर काहीही चालू करू नका. चालू असलेलं बंदही करू नका, कारण बटण दाबताना ठिणगी पडते आणि ही चूक फार जण करतात. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेर गेल्यावरच 1906 या क्रमांकावर फोन करा.

गळती तपासायला काडी ओढणारे लोक आजही आहेत. कृपा करून हे कधीच करू नका. साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले तर गळती आहे. नळी आयएसआय खुणेची असावी आणि 5 वर्षांनी बदलावी. नळी चांगली दिसते म्हणून चालवून घेऊ नका. सिलिंडर उभा आणि सावलीतच ठेवा. गच्चीवर किंवा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला टेकवून नको.

वाळवणाच्या गडबडीत भाजणं

याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. उन्हाळा म्हणजे कुरडया, पापड, सांडगे. कुरडईचा चीक गरम असतानाच सोऱ्यात भरावा लागतो, म्हणून पहाटे शिजवलेलं मोठं पातेलं दोघीजणी दोन बाजूंनी धरून जिन्यानं गच्चीवर नेतात. फडकं जरा सरकलं, पायात लेकरू आलं की संपलं. उकळतं पाणी निदान अंगावरून ओघळून जातं. चीक कातडीला चिकटून बसतो आणि आतपर्यंत भाजत राहतो. पातेलं भरून नेऊ नका. छोट्या डब्यांत झाकण लावून दोन-तीन खेपा करा, आणि तेवढा वेळ मुलांना खालीच थांबवा. नायलॉनचा गाऊनही नको, तो पेटला तर वितळून अंगाला चिकटतो. सुती कपडे घाला, पदर खोचून घ्या.

भाजल्यावर काय करायचं, यातही चूक होते. टूथपेस्ट, हळद, बर्फ यातलं काहीच लावायचं नाही. भाजलेल्या जागेवर गार पाणी 20 मिनिटं सोडत राहायचं, बांगड्या-अंगठ्या सूज येण्याआधी काढायच्या. आता सोलापूरपुरती एक गोष्ट ध्यानात ठेवा. दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून नळाला येणारं पाणी स्वतःच चटका देतं. ते भाजल्या जागेवर सोडाल तर जखम वाढेल. घरात सावलीला भरून ठेवलेली बादली, पिंप, नाहीतर माठातलं पाणी वापरा. आपल्याकडे काही दिवसांआड पाणी येतं, तेव्हा साठवण प्रत्येक घरात असतेच. त्यातली एक बादली उन्हाळाभर स्वयंपाकघराजवळ झाकून ठेवा. कढईतलं तेल पेटलं तर मात्र त्यावर पाणी अजिबात ओतू नका. गॅस बंद करून झाकण टाका.

“उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवावी”

हा सल्ला चौकाचौकात मिळतो आणि तो चुकीचा आहे. हवा कमी असलेल्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि ती दबण्या-फुगण्यानंच तापते. पुणे, तुळजापूर किंवा विजयपूरच्या रस्त्याला वेगात पळताना असाच टायर फुटतो. किती हवा भरायची, ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा आहे, तेवढी भरायची नसते. दाब सकाळी, टायर गार असताना मोजा. दहा-वीस किलोमीटर चालवून आल्यावर आकडा वाढलेला दिसतो, तेव्हा हवा सोडू नका.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2319 असेल तर तो 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शिल्लक असली तरी जुनं रबर तडकतं, म्हणून बाजूच्या बारीक भेगा पाहा. स्टेपनीही पाहा, ती वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही. चालत्या गाडीचा टायर फुटलाच, तर जोरात ब्रेक मारू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, पाय ॲक्सिलरेटरवरून हळूहळू काढा आणि गाडीचा वेग आपोआप उतरू द्या.

तापमानाचा काटा वर गेला तर एसी बंद करा, गाडी बाजूला घ्या आणि निदान अर्धा तास रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं. झाकण सैल होताच ते उसळून तोंडावर येतं.

टाकी पूर्ण भरली तर उन्हात स्फोट होतो, असा संदेश दर उन्हाळ्यात फिरतो. कंपनीनं ठरवलेल्या मर्यादेपर्यंत पेट्रोल भरायला काहीच हरकत नाही, असं इंडियन ऑईलनं जाहीर केलेलं आहे.

झोपलेलं लेकरू गाडीत ठेवणं

अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरला दर्शनाला गेल्यावर “आत्ताच झोपलंय, उठवायला नको, पाच मिनिटांत येतो” असं म्हणून काचा लावून जाणारी माणसं दिसतात. रांगेत पाच मिनिटं कधीच लागत नाहीत. उन्हात उभ्या बंद गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच साधारण 10 अंशांनी वाढतं. बाहेर 42 असेल तर आत पन्नाशी पार. काच बोटभर खाली ठेवल्यानं फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. रडलं तरी चालेल, उचलून घ्या. म्हाताऱ्या माणसांनाही असं बसवून जाऊ नका. आणि असं बंद गाडीतलं मूल कुठं दिसलं तर मालक येईल म्हणून वाट पाहू नका, लोकांना हाक मारा, 112 ला फोन करा.

लायटर, डिओडरंटची बाटली, पॉवर बँक डॅशबोर्डवर सोडू नका. डबाही डिकीत तापतो, दहीभात दोन-तीन तासांत आंबतो. प्रवासाला आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणीच बरी, सोबत भरपूर पाणी.

ऊन लागलं की नुसता थकवा?

घाम, चक्कर, पायात गोळे असतील तर सावलीत आडवं करा आणि ओआरएस द्या. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. पण माणूस बरळू लागला, अंग भाजतंय, शुद्ध हरपतेय, तर तो उष्माघात आहे. तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. कपडे सैल करून अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला बोलवा. रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी ओतणं थांबवायचं नाही.

वळवाचा पहिला पाऊस

मे महिन्यात चारच्या सुमाराला आभाळ भरून येतं आणि धुळीचं वादळ उठतं. दुचाकीवाले धावत झाडाखाली किंवा फ्लेक्सच्या आडोशाला जातात. वीज झाडावर पडते आणि फ्लेक्स वाऱ्यानं कोसळतो. पक्क्या इमारतीत शिरा. चारचाकीत असाल तर बाजूला थांबून काचा लावून आतच बसा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजेचा इशारा देतं, शेताकडे जाणाऱ्यांनी ते जरूर घ्यावं. पाऊस थांबल्यावरही लगेच वेग घेऊ नका. महिन्यांची धूळ, तेल आणि रबर ओलं होऊन रस्ता निसरडा झालेला असतो. तो धुऊन निघायला चांगली सर लागते, तोवर पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवा आणि वळणावर ब्रेक मारणं टाळा.