स्वस्त जॅक स्टँड: गाडीखाली शिरण्यापूर्वी काय तपासावे

जॅकचे काम गाडी उचलण्याचे आणि स्टँडचे काम ती तोलून धरण्याचे, हा फरक ज्याच्या मनात पक्का नाही त्याने गाडीखाली शिरू नये. हायड्रॉलिक जॅकमध्ये गाडीचे सगळे वजन तेलाच्या दाबावर उभे असते आणि तो दाब रबरी सीलांवर टिकून असतो; सील झिजले तर गाडी हळूहळू बसते आणि निकामी झाले तर एकदम खाली येते. गाडीबरोबर मिळणारा कात्रीसारखा स्क्रू जॅक रस्त्यात चाक बदलण्यापुरता दिलेला असतो. त्याचा पाया तळहाताएवढा असतो आणि बाजूने धक्का लागला तर तो आडवा होतो. म्हणून ऑइल बदलायचे असो की सैल झालेला सायलेन्सर आवळायचा असो, शरीराचा कोणताही भाग गाडीखाली जाणार असेल तर स्टँड हवेतच. प्रश्न राहतो तो म्हापशाच्या एखाद्या हार्डवेअरच्या दुकानात किंवा ऑनलाइन थोडक्या पैशांत मिळणाऱ्या जोडीवर विसंबावे की नाही हा. माझे मत असे आहे की विसंबावे, पण ती स्वतः तपासल्यावर, आणि एकट्या तिच्या भरवशावर कधीही नाही.

मी घेतलेल्या पहिल्या जोडीतला एक स्टँड घरच्या फरशीवर ठेवताच डुगडुगला. तीन पाय टेकले होते आणि चौथ्याखाली दोन रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवून सरकवता येत होती. दुकानदार म्हणाला की गाडीचे वजन पडले की तो आपोआप बसेल. तो बसला असता हे खरे, परंतु त्यासाठी एक पाय वाकला असता किंवा त्याच्या मुळाशी असलेल्या वेल्डिंगने तो ताण सोसला असता. मी ती जोडी परत केली, आणि तेव्हापासून नवा स्टँड आधी सपाट फरशीवर ठेवून चारही कोपरे एकेक करून दाबून पाहिल्याशिवाय मी विकत घेत नाही.

खोक्यावरील टनांचा आकडा पाहून बहुतेक लोक निश्चिंत होतात. खरा धोका मात्र त्या आकड्यात क्वचितच असतो. एखाद्या लहान गाडीचे वजन ८०० किलोच्या आसपास धरले आणि इंजिनामुळे त्यातले साधारण ६० टक्के पुढच्या बाजूला आहे असे मानले, तर पुढे लावलेल्या दोन स्टँडांपैकी प्रत्येकावर सुमारे २४० किलो येतात. दोन टनांचा म्हणून विकला गेलेला स्टँड निकृष्ट असला तरी एवढ्या भाराने सहसा चेपला जात नाही. तो दगा देतो तो दातांमध्ये लॉक नीट न बसल्यामुळे, कच्च्या वेल्डिंगमुळे, जमीन खचल्यामुळे किंवा भार तिरका पडल्यामुळे. तरीही दीड-दोन टनांच्या मोठ्या गाड्यांसाठी आकड्याकडे दुर्लक्ष करू नये. काही उत्पादक क्षमता एका स्टँडची सांगतात, काही जोडीची, आणि अमेरिकी टन हा आपल्या १००० किलोंच्या टनाऐवजी सुमारे ९०७ किलोंचा असतो. क्षमता जोडीची आहे असेच गृहीत धरून हिशेब करावा.

रॅचेटचा की पिनचा

बाजारात मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एकात, म्हणजे रॅचेटच्या प्रकारात, मधल्या खांबाला दाते असतात आणि खांब वर ओढला की लॉकचा लोखंडी तुकडा एकेका दातात अडकत जातो. दुसऱ्यात, म्हणजे पिनच्या प्रकारात, खांबाला आरपार भोके असतात आणि हव्या त्या उंचीला जाड पिन घालायची असते. रॅचेटचा वापर सोपा असतो, पण त्याची सुरक्षितता दाते किती अचूक घडले आहेत यावर अवलंबून असते, आणि स्वस्त मालात नेमकी तिथेच काटकसर होते. अमेरिकेतील हार्बर फ्रेट या कंपनीने मार्च २०२० मध्ये पिट्सबर्ग नावाने विकलेले ३ टनांचे आणि ६ टनांचे स्टँड परत मागवले. त्याचे कारण असे की कारखान्यातील साचे जुने झाल्यामुळे काही स्टँडांत दाते आणि लॉक एकमेकांत पुरेसे खोल बसत नव्हते, आणि भाराखाली धक्का लागल्यास स्टँड एकदम खाली घसरण्याची शक्यता होती. त्याच वर्षी, त्यांच्या बदल्यात दिलेल्या ३ टनांच्या काही स्टँडांच्या वेल्डिंगमध्येही दोष सापडला आणि तेही परत घ्यावे लागले. म्हणून नवा आहे किंवा बदलून मिळाला आहे एवढ्यावरून कोणताही स्टँड चांगला ठरत नाही. प्रत्येक नग वेगळा तपासावा लागतो.

थोडक्या पैशांत घ्यायचे असेल तर मी पिनचा प्रकार सुचवीन. पिन आरपार गेली आहे की नाही हे डोळ्यांना दिसते, आणि मोडण्यासारखे त्यात फारसे काही नसते. भोकांमधले अंतर मोठे असल्यामुळे हवी ती उंची नेमकी मिळत नाही ही त्याची गैरसोय आहे, ती सोसावी. स्टँडबरोबर आलेली पिन हरवली तर तिच्या जागी बांधकामाची सळी किंवा हाताशी लागेल तो बोल्ट घालू नये, कारण पिनेची जाडी आणि तिच्या पोलादाचा कस त्या स्टँडसाठी ठरवलेला असतो. रॅचेटचाच घ्यायचा असेल तर दातांच्या लॉकशिवाय वेगळी सुरक्षा पिन असलेला घ्यावा, आणि ती पिन दर वेळी न चुकता घालावी.

रॅचेटचे दाते तपासण्याची एक घरगुती रीत आहे. डोळ्यांत घालायचे काजळ बोटावर घेऊन दातांवर पातळ थर द्यावा, खांब वर ओढून लॉक बसू द्यावे, वरून हाताने जोरात दाबावे आणि मग लॉक सोडवून पाहावे. काजळ दाताच्या उताराच्या बऱ्याच भागावरून पुसले गेले असेल तर पकड चांगली आहे. केवळ टोकाची बारीक रेघ चमकत असेल तर लॉक दाताच्या शेंड्यावर टेकते आहे, आणि तो स्टँड गाडीखाली जाता कामा नये. हीच परीक्षा सर्व उंचींवर करावी, कारण चार दाते चांगले आणि पाचवा बोथट असे मी पाहिले आहे.

वेल्डिंग पाहण्यासाठी रंगाकडे न बघता सांध्याकडे बघावे. चांगल्या वेल्डिंगची लकेर एकसारखी असते आणि दोन्ही तुकड्यांत मुरलेली दिसते. मध्येच सुटलेली जागा, टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे, नुसतेच वर साचलेले गोळे किंवा रंगातून डोकावणारी केसासारखी रेघ दिसली तर तो स्टँड बाजूला ठेवावा. घरी त्यावर पुन्हा वेल्डिंग मारून घेण्याच्या मोहात पडू नये. खांब ओतीव लोखंडाचा असेल तर त्यावरील तडा विशेष गंभीर मानावा, कारण ठिसूळ ओतीव लोखंड वाकून इशारा देत नाही, ते थेट तुटते.

जमीन

गोव्यात घराघरांत हाताशी सापडणारा आधार म्हणजे चिरा, अर्थात जांभ्या दगडाचा घडवलेला ठोकळा. तो गाडीखाली कधीही लावू नये. जांभा दगड सच्छिद्र असतो. भिंतीत सगळीकडून सारखा भार आला तर तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, पण लोखंडाच्या एका कडेवर भार एकवटला की त्याची कपची निघते आणि तो फुटतो. सिमेंटचा पोकळ ब्लॉक त्याहून घातक आहे, कारण तो कोणतीही पूर्वसूचना न देता फुटतो.

अंगणातल्या तांबड्या मातीवर तर स्टँड थेट ठेवूच नये, आणि पावसाळ्यात तर मुळीच नाही. पेव्हर ब्लॉक वरून घट्ट दिसतात. त्यांच्याखालची वाळू पाण्याने वाहून गेलेली असेल तर एक ब्लॉक खचतो, आणि स्टँडचा एक पाय त्याच्याबरोबर जातो. आमच्याकडे जूनच्या पहिल्या पावसानंतर असे घडले. गाडी नुकतीच स्टँडवर उतरवली होती आणि खाली कोणी गेले नव्हते, एवढेच चांगले झाले. उन्हाळ्यात डांबर मऊ होते आणि स्टँडचे पाय त्यात रुततात, हेही लक्षात ठेवावे. सर्वांत योग्य जागा म्हणजे सपाट, अखंड काँक्रीट. ते नसेल तर प्रत्येक स्टँडखाली किमान १८ मिलिमीटर जाडीचा, स्टँडच्या पायाहून सर्व बाजूंनी मोठा असा प्लायवुडचा तुकडा घालावा. पाणी वाहून जावे म्हणून पोर्चला उतार दिलेला असतो. त्या उतारावर हे काम करू नये, मग तो उतार डोळ्यांना कितीही किरकोळ वाटो.

गाडी उचलताना

बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक केवळ मागची चाके धरतो. मागची बाजू उचलली की त्याचा उपयोग संपतो. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी गिअरमध्ये ठेवली तरी पुढचे एक चाक वर उचलल्यावर डिफरेन्शियलमुळे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांमुळे, ते मोकळे फिरू शकते आणि गाडी सरकू शकते. ऑटोमॅटिक गाडीच्या पार्कचीही हीच गत आहे. म्हणून हँडब्रेक ओढून आणि गाडी गिअरमध्ये ठेवूनही, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून व मागून लाकडी पाचरी घट्ट बसवाव्यात. चाक काढायचे असल्यास त्याचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत, कारण वर उचललेल्या गाडीवर पान्याला दिलेला जोर सगळा बाजूने पडतो.

जॅक आणि स्टँड कोठे लावायचे हे गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेले असते. लहान गाड्यांत दरवाज्यांखालच्या पत्र्याच्या कडेवर, चाकाजवळ, खाचांनी दाखवलेल्या जागा असतात. तेथे खाच असलेला रबरी तुकडा ठेवला तर कडा वाकत नाही. वेगळी चासी असलेल्या गाड्यांत चासीची आडवी पट्टी अधिक भरवशाची. किनाऱ्याजवळच्या गावांत वापरलेल्या जुन्या गाड्यांच्या बाबतीत मात्र आणखी एक काळजी घ्यावी: खाऱ्या हवेने हा पत्रा आतून सडतो आणि वरचा रंग शाबूत राहतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावे. आवाज भरीव न येता बद्द आला, किंवा गंजाचे पापुद्रे गळले, तर ती जागा सोडून द्यावी.

एक बाजू एकदम पूर्ण वर नेऊ नये. थोडी एक बाजू, मग थोडी दुसरी, असे केले म्हणजे आधी लावलेला स्टँड तिरका होत नाही. खांब लागेल तेवढाच वर काढावा. जास्त उंचीवर तोच स्टँड कमी स्थिर असतो. जॅक हळू सोडत गाडी स्टँडवर उतरवावी, भार पडल्यावर लॉक आणि पिन पुन्हा पाहावी, आणि मग मडगार्डला हात टेकून गाडी जोरात हलवून बघावी. पडायची असेल तर ती आपण बाहेर असताना पडू दे. हलवल्यावर कर्कर आवाज आला किंवा स्टँड जागेवरून सरकला, तर गाडी पुन्हा जॅकवर घेऊन मांडणी नव्याने करावी.

यानंतरची पायरी लोक गाळतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. जॅक काढून न घेता तो गाडीला हलकेच टेकेल इतपत लावून ठेवावा. काढलेले चाक कडेच्या पत्र्याखाली आडवे सरकवावे. चाक काढलेले नसेल तर स्टेपनी ठेवावी. लाकडी ठोकळे एकमेकांवर आडवे-उभे रचले तर तेही चालतात. स्टँड मोडलाच तर गाडी या दुसऱ्या आधारावर थांबते आणि खाली माणसाच्या छातीएवढी जागा उरते. छातीवर वजन पडले की एकही हाड मोडलेले नसताना श्वास कोंडतो आणि काही मिनिटांत माणूस दगावू शकतो. तेवढ्या वेळात १०८ची रुग्णवाहिका वाळपईच्या आतल्या गावात पोचेलच असे नाही. त्यामुळे घरात एक मोठे माणूस असताना आणि जॅकचा दांडा कसा मारायचा हे त्याला आधी दाखवूनच काम सुरू करावे. मुलांना आणि कुत्र्याला त्या वेळी अंगणात सोडू नये, आणि गाडी वर असताना इंजिन सुरू करू नये.

काम संपल्यावर स्टँड कोरड्या कापडाने पुसून, दातांवर आणि पिनेवर तेलाचा हात फिरवून, जमिनीपासून वर ठेवावेत. ज्या स्टँडवरून गाडी एकदा घसरली, ज्याचा पाय वाकला किंवा ज्याच्या सांध्यात रेघ दिसली, तो पुन्हा वापरू नये. तो अखंड भंगारात दिला तर रंग मारून दुसऱ्या कोणाच्या अंगणात पोचू शकतो, म्हणून आधी जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून त्याचा खांब मधोमध कापून घ्यावा आणि मगच द्यावा.