स्वस्त तिकीट दिसण्याच्या आधीची तयारी

लोकांनी प्रवास थांबवला की विमानभाडी कोसळतात, आणि नेमकी तेव्हाच बहुतेकांची तयारी नसते. पासपोर्टची मुदत संपत आलेली, रजेचं नक्की नाही, सोबत कोण येणार ते अजून ठरायचंय. हे सगळं जुळवून आणेपर्यंत भाडं पुन्हा जागेवर गेलेलं असतं. म्हणून ही यादी तिकीट शोधायला बसण्याच्या बरीच आधी सुरू होते आणि तिकीट हातात पडल्यावरही संपत नाही.

सगळ्यात आधी प्रवासातली ही मंदी कशामुळे आली आहे ते नीट समजून घ्या. विमानातली सीट म्हणजे नाशवंत माल. दार बंद झालं की रिकाम्या सीटची किंमत शून्य. गिऱ्हाईक कमी झालं की कंपनीपुढे दोन वाटा उरतात: भाडं उतरवायचं किंवा उड्डाणं कमी करायची. भाडं एका दुपारीत उतरवता येतं. उड्डाणं कमी करायला मात्र आठवडे जातात, कारण विमानांचे हप्ते चालू असतात, कर्मचाऱ्यांच्या पाळ्या लागलेल्या असतात आणि गर्दीच्या विमानतळांवरचे स्लॉट, म्हणजे उडण्या-उतरण्यासाठी मिळालेल्या ठरावीक वेळा, सांभाळायचे असतात. एरवी हंगामातले निदान ८० टक्के स्लॉट वापरले नाहीत तर पुढच्या वर्षी त्यांच्यावरचा हक्क जातो. त्यामुळे मंदीच्या सुरुवातीला कंपन्या अर्धी रिकामी विमानंही उडवत राहतात. प्रवासी गेलेले आहेत पण विमानं अजून उडताहेत, हा मधला काळ आपला. सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर अमेरिकेत आणि २००३ मध्ये सार्सच्या साथीत आशियात असाच काळ येऊन गेला. एकदा उड्डाणं कमी झाली की स्वस्ताई संपते, मग बातम्यांमध्ये मंदी कितीही गाजत असो. २०२० मध्ये जगातली विमानप्रवासाची मागणी २०१९ च्या तुलनेत ६५.९ टक्क्यांनी घटली, असा आयाटाचा, म्हणजे विमानकंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, आकडा आहे. पण २०२२ मध्ये लोक परत आले तेव्हा विमानं आणि माणसं तितक्या वेगानं परतली नाहीत, आणि भाडी चढली. ज्यांनी ‘अजून उतरेल’ म्हणून वाट पाहिली, त्यांना जास्त पैसे मोजावे लागले.

इंधनाकडेही एकदा पाहून घ्या. मागणी कमी आणि तेलही स्वस्त, तर भाडं खरोखर उतरतं. जुलै २००८ मध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेलं, तेव्हा परिस्थिती उलटी होती. कंपन्यांनी उड्डाणं कापली आणि इंधन अधिभार वाढवला. अशा मंदीत मोठ्या घबाडाची आशा धरू नका.

आता कागदपत्रं. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने असावी, कारण अनेक देश तेवढी मागतात. कोरी पानं आहेत का तेही मोजून ठेवा. पासपोर्टवर नाव आणि आडनाव ज्या क्रमानं, ज्या स्पेलिंगनं छापलंय ते एका कागदावर उतरवून घ्या, घरातल्या प्रत्येकाचं. तिकीट काढताना घाई असते, आणि सगळ्यात स्वस्त तिकिटावर नावातलं एक अक्षर बदलायलाही कंपनी पैसे मागू शकते. व्हिसा किती दिवसांत मिळतो ते आधीच पाहून ठेवा आणि फक्त मुक्कामाच्या देशाचं पाहून थांबू नका. स्वस्त तिकिटात विमान बहुतेकदा कुठेतरी मध्येच बदलावं लागतं, आणि काही देश विमानतळाबाहेर न पडणाऱ्यालाही ट्रान्झिट व्हिसा मागतात. चेक-इन काउंटरवरचा माणूस तुमचं म्हणणं ऐकून निर्णय घेत नाही, तो समोरच्या यंत्रणेत दिसणारा नियम बघतो.

रजेचं बोलणं आत्ताच करून ठेवा. एक तारीख मागण्याऐवजी ‘या दोन महिन्यांत कधीही आठ दिवस’ अशी परवानगी मिळाली तर तीच तुमची सगळ्यात मोठी ताकद. तारखेत तीन दिवस मागेपुढे सरकता येणाऱ्याला आणि दोन-तीन ठिकाणं चालणाऱ्याला जे भाडं मिळतं, ते एकाच तारखेला अडून बसलेल्याला सहसा मिळत नाही. पैसेही वेगळे काढून ठेवा. हे तिकीट काढल्यावर परतावा अडकला तर सहा महिने ती रक्कम नसली तरी चालेल का, हा प्रश्न स्वतःला विचारा. मंदीत तो नुसता कल्पनेतला प्रश्न नसतो.

यानंतर भाड्याची नोंद. यावर मी सगळ्यात जास्त भर देते, कारण नेहमीचं भाडं ठाऊक नसेल तर स्वस्त कशाला म्हणायचं तेच कळत नाही. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर रकाने आखलेले असतात: पाहिल्याची तारीख, प्रवासाची तारीख, सगळं धरून एकूण रक्कम, आणि थेट की बदलून. ज्या दोन-तीन मार्गांवर जायचं मनात आहे, त्यांची नोंद आठवड्यातून एकदा. पाच-सहा आठवड्यांत पान भरतं आणि भाडं कोणत्या दोन आकड्यांमध्ये फिरतंय ते नजरेत बसतं. मग एखाद्या दिवशी त्या पट्ट्याच्या खूप खालचा आकडा दिसला की शंका राहत नाही. गुगल फ्लाइट्स, स्कायस्कॅनर, कायाक यांवर भाड्याची सूचना लावता येते, ती जरूर लावा. पण सूचना फक्त आकडा सांगते, तो चांगला की वाईट हे वही सांगते.

शोधताना एक गोष्ट लक्षात ठेवा. एकाच विमानाच्या एकाच इकॉनॉमी केबिनमध्ये दहा-बारा वेगवेगळ्या दरांच्या सीट असतात, आणि प्रत्येक दराला इंग्रजी अक्षराचं नाव असतं. सगळ्यात खालच्या दरात दोनच सीट उरल्या असतील आणि तुम्ही चौघांसाठी शोधलंत, तर बऱ्याचदा यंत्रणा चौघांनाही वरचा दर दाखवते. म्हणून आधी एका माणसासाठी शोधा, मग दोघांसाठी, मग सगळ्यांसाठी. भाडं एकदम उडी मारताना दिसलं तर दोघांची तिकिटं एका दरात आणि दोघांची दुसऱ्या दरात काढता येतात. मात्र बुकिंग दोन होतात, तेव्हा लहान मूल एकट्याच्या बुकिंगवर राहणार नाही याची काळजी घ्या. ब्राउझरची खासगी (इन्कॉग्निटो) खिडकी उघडून शोधलं की भाडं कमी दिसतं म्हणतात, त्यात मी वेळ घालवत नाही. पाहता पाहता भाडं बदलतं ते बहुतेकदा खालच्या दरातली सीट विकली गेल्यामुळे किंवा दाखवलेला आकडा जुना असल्यामुळे. त्यापेक्षा आठवड्याच्या मधले वार, पहाटेची किंवा रात्री उशिराची उड्डाणं आणि जवळचा दुसरा विमानतळ यांवर मेहनत घ्या. दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्यायेण्याचा खर्च मात्र वहीत त्याच ओळीत लिहा. सामानाचे, सीटचे आणि कार्डाचे पैसेही त्याच ओळीत. पडद्यावर ठळक अक्षरांत दिसणारा आकडा आणि पैसे भरायच्या पानावरचा आकडा यांत चांगलीच तफावत असते. शिवाय त्या शेवटच्या पानावर विमा किंवा सीटची निवड आधीच टिक करून ठेवलेली आहे का, तेही पाहा.

मंदीतल्या तिकिटाचा खरा प्रश्न वेगळाच आहे. ते विमान उडेल का? भाडं कमी आहे याचाच अर्थ ते विमान भरलेलं नाही, आणि न भरलेली उड्डाणंच पहिल्यांदा रद्द होतात. म्हणून त्या मार्गावर त्या कंपनीची दिवसाला किती उड्डाणं आहेत ते पाहा. दिवसाला तीन असतील आणि एक रद्द झालं, तर तुम्हाला दुसऱ्यात बसवतात आणि फार तर अर्धा दिवस जातो. आठवड्याला दोनच असतील तर मुक्कामाचा अर्धा भाग जातो. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लागू होतं. तुमची तारीख या दिवसांच्या पलीकडची असेल तर वेळा बदलण्याची शक्यता मनात धरूनच चाला.

इथे माझा एक अनुभव सांगते. जाण्याचा पहिला टप्पा एका कंपनीचा आणि पुढचा दुसऱ्या कंपनीचा, अशी दोन सुटी तिकिटं मी काढली होती, कारण एकत्र तिकिटापेक्षा ती बरीच स्वस्त पडत होती. मध्ये चार तासांचं अंतर ठेवलं होतं. प्रवासाच्या तीन आठवडे आधी पहिल्या कंपनीचा दोन ओळींचा ईमेल आला: उड्डाणाची वेळ पाच तासांनी पुढे. त्यांच्या दृष्टीनं त्यांनी मला कळवलं होतं, विषय संपला. दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीनं त्यांचं विमान वेळेवर होतं, मी पोहोचले नाही तर ती नो-शो, म्हणजे न आलेली प्रवासी. दोघांचंही नियमाप्रमाणे बरोबर होतं आणि दुसरं तिकीट पूर्ण बुडालं. मला फार वाईट वाटलं, कारण ते पैसे मी बरेच महिने बाजूला काढत होते. तेव्हापासून मंदीच्या दिवसांत मी दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, घेते, थोडे जास्त गेले तरी. एकाच बुकिंगवर पुढचं विमान चुकलं तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी साधारणपणे कंपनीकडे राहते. सुटी तिकिटं घ्यायचीच असतील तर मध्ये एक रात्र ठेवा.

अटी वाचताना ‘रद्द’ हा शब्द दोन अर्थांनी येतो, ते वेगळे ओळखा. तुम्ही रद्द केलं तर काय मिळतं, आणि कंपनीनं रद्द केलं तर काय मिळतं. स्वस्त तिकिटात पहिल्याचं उत्तर बहुतेकदा ‘काही नाही’ असतं, ते मान्य करून पुढे जा. दुसऱ्याचं उत्तर मात्र कायद्यात असू शकतं. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमानुसार कंपनीनं उड्डाण रद्द केलं तर प्रवाशाला पैसे परत मागता येतात आणि त्यासाठी सात दिवसांची मुदत आहे. अमेरिकेत येण्याजाण्याचं तिकीट उड्डाणाच्या निदान सात दिवस आधी थेट कंपनीकडून घेतलं, तर कंपनीला २४ तासांत दंडाशिवाय रद्द करू द्यावं लागतं किंवा पैसे न घेता २४ तास भाडं राखून ठेवावं लागतं. तुमच्या मार्गाला कोणता नियम लागू होतो ते आधीच कागदावर लिहून ठेवा, म्हणजे फोनवर ‘फक्त क्रेडिट मिळेल’ (पैशांऐवजी त्याच कंपनीच्या पुढच्या तिकिटासाठी जमा रक्कम) असं ऐकल्यावर गोंधळायला होत नाही. क्रेडिट घेणं आणि पैसे घेणं यांत निवड असेल तर पैसे घ्या. मंदीत कंपन्या बंद पडतात आणि क्रेडिट त्यांच्याबरोबरच जातं. ब्रिटनची फ्लायबी ५ मार्च २०२० रोजी बंद पडली तेव्हा प्रवाशांना विमानतळावर येऊ नका असं सांगण्यात आलं होतं.

म्हणूनच पैसे भरताना शक्यतो क्रेडिट कार्ड वापरा, सेवा न मिळाल्यास बँकेकडे दाद मागता येते. मध्यस्थ साइटवर थोडं स्वस्त दिसलं तरी थेट कंपनीकडून घेण्याकडे माझा कल असतो, कारण उड्डाण रद्द झालं की कंपनी मध्यस्थाकडे बोट दाखवते आणि मध्यस्थ कंपनीकडे. प्रवास विमा घेत असाल तर विमानकंपनी बुडाल्यास भरपाई आहे का, हा एक मुद्दा त्यात शोधा. मंदीचं कारण जगजाहीर झाल्यावर घेतलेल्या विम्यातून तेच कारण बरेचदा वगळलेलं असतं.

तिकीट निघालं की काही तासांत कंपनीच्या स्वतःच्या साइटवर पीएनआर टाकून बघा आणि तिकिटाचा तेरा आकडी क्रमांक आलाय का ते तपासा. नुसतं ‘बुकिंग झालं’ पुरेसं नाही, तिकीट निघालेलं असायला हवं. भाडं चुकून कमी लागलं असावं इतकं कमी असेल तर दोन आठवडे हॉटेल आणि बाकीचं काही पक्कं करू नका, कंपनी असं तिकीट रद्द करू शकते. त्यानंतर दर रविवारी एकदा बुकिंग उघडा. वेळ बदललेली दिसली तर लगेच ‘मान्य’ दाबू नका. बदल मोठा असेल तर हीच वेळ असते, जेव्हा तुम्ही फुकट दुसरं उड्डाण किंवा पैसे परत मागू शकता, आणि एकदा मान्य केलं की तो दरवाजा बंद होतो. आधी त्याच दिवसाची दुसरी उड्डाणं शोधा, क्रमांक लिहून घ्या, मग फोन करा आणि त्या क्रमांकाचं नाव घेऊन मागा.

निघायच्या तीन दिवस आधी सामान वजनकाट्यावर ठेवून बघा, तिकिटाची एक प्रत कागदावर काढा आणि देशप्रवेशाचे नियम पुन्हा वाचा, कारण साथीमुळे आलेल्या मंदीत ते एका रात्रीत बदलतात. आणि तिथे पोहोचल्यावर, दुसऱ्याच दिवशी, परतीचं उड्डाण अजून वेळापत्रकात आहे ना ते पाहून घ्या.